वास गेला तर राहील

माय,

आज दुपारी गालिचा गुंडाळून भिंतीशी उभा केला, त्याच्यावर हात टेकून जरा दम घेतला आणि तुझी आठवण झाली. आठवण तर रोजच होते, भाकरी थापताना होते, केस विंचरताना होते. आजची रागाची होती. तू होतीस तोवर मी तुझ्यापुढं कधी आवाज चढवला नाही, आणि तू गेल्यावर तर तुझं कौतुकच सांगत आले, पोराला, सुनेला, शेजारणींना. तुला जाऊन तीसेक वर्षं झाली. एवढ्या उशिरा भांडण उकरून काढायचं म्हणजे तू म्हणशील, पोरीचं डोकं फिरलं. फिरलंय खरं. घरात बोलावं असं कुणी उरलं नाही, म्हणून कागद घेऊन बसलेय. अक्षर माझं अजून तसंच आहे, किराणाच्या पुड्यांवरचं वाचून वाचून शिकलेलं. तू बघून हसायचीस, म्हणायचीस, कोंबडी चालून गेल्यावानी दिसतंय.

तुला आमचा म्हातारबा माहीत नाही. तुझा जावई गेला त्या वर्षी माझ्या पोरानं शर्टाच्या आत लपवून एक पिल्लू आणलं होतं. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. मी ओट्यापाशी पाठ करून उभी होते, तर मागून म्हणाला, आई, वळून बघ, तुला सोबत आणलीय. मी आधी चिडले. एवढं सगळं निस्तरायचं कुणी, म्हणाले. पण त्यानं ते पिल्लू माझ्या पदरात सोडलं आणि ते तिथंच झोपी गेलं, मग काय बोलणार. पोराचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. तो कामावर गेला की दिवसभर घरात आम्ही दोघंच. मी बोलायची, तो पडलेला कान हलवायचा. खोटं कशाला सांगू, तुझ्या जावयाच्या जाण्यातून मला माणसांनी कमी आणि त्या मुक्या जिवानं जास्त बाहेर काढलं. आता तो म्हातारा झालाय, म्हणून म्हातारबा. दोन्ही डोळ्यांवर दुधावर धरते तशी साय आलीय. दिसत काही नाही, पण सिडकोतलं हे घर त्याला नाकानं पाठ होतं. फोडणीच्या वासावर स्वयंपाकघर, माझ्या डोक्याच्या तेलावर माझी खाट, आणि खिडकीखाली त्याचं स्वतःचं पोतं. कुठं धडकायचा नाही. नवा माणूस आला तर त्याला कळायचंसुद्धा नाही की हा आंधळा आहे.

मागच्या दिवाळीपासून त्याला लघवी धरवेना. आधी दिवाणाच्या पायाशी, मग गालिच्यावर, मग एकदा सोफ्यावर चढून. गालिचा तुझ्या जावयानं शहागंजातून आणलेला, लाल, दाट, पाय रुततो असा. आपल्या घरात एवढी एकच थाटाची वस्तू. सून संध्याकाळी कंपनीतून दमून यायची आणि दार उघडल्या उघडल्या नाकाला पदर लावायची. ती वाईट नाही, माय. तिचं नाक मेंढरांत वाढलेलं नाही, एवढंच. मला म्हणाली, आई, रागावू नका, पण कुणाला घरी बोलवायची लाज वाटते. मग तिनं तिच्या परीनं सुरू केलं. फिनेल आणलं. फिनेलनं पुसलं की म्हातारबा त्याच जागी जाऊन पुन्हा पाय वर करायचा, जणू कुणीतरी दुसरं जनावर येऊन त्याच्या जागेवर हक्क सांगून गेलंय. मग रातराणीच्या वासाचा फवारा आणला. तो मारला की घरभर रातराणीच्या झाडाखाली कुणीतरी बसून गेल्यासारखा वास. आम्ही दोघी हसलो त्या दिवशी. त्या दिवसापर्यंत आम्ही हसत होतो.

एकदा जेवताना पोरगा म्हणाला, तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला, "आई, हे बघ. वास गेला तर तो राहील. मी काय त्याचा वैरी आहे का? पण वास नाही गेला, तर मला काहीतरी बघावं लागंल."

मी विचारलं, "वास गेला तर राहील? नक्की?"

"तुला मी खोटं सांगीन का?"

त्याच्या ताटात मी आणखी एक भाकरी वाढली. मला वाटलं, एवढंच ना. वास काढायचा ना. अरे, मी कुणाची लेक आहे.

दुसऱ्याच दिवशी पदर खोचला. तू शिकवलेलं एक एक आठवत गेले. पहिलं म्हणजे शोधायचं. आपलं नाक लगेच सरावतं, म्हणून तू घोंगडी हुंगायच्या आधी लांब लिंबापर्यंत चालून यायचीस आणि मग नाक लावायचीस. माझ्याकडं लिंब नाही, मी तीन मजले उतरून गेटापर्यंत जायची आणि वर येऊन पंखा बंद करून गुडघ्यांवर हॉलभर फिरायची. शेजारीण एकदा उघड्या दारातून बघून गेली आणि खाली कुणाला तरी सांगितलं की काकूंचं कायतरी हरवलंय. जिथं वास लागला तिथं खडूनं गोल काढायचा. मग तुझं ते, आधी कोरडं कर, मग ओलं. ताजं असलं तर जुन्या पातळाच्या घड्या त्याच्यावर ठेवून वर उभं राहायचं, अंगाचा सगळा भार देऊन. घासायचं नाही, घासलं की खाली उतरतं. गरम पाणी चुकूनही नाही. गरम पाण्यानं वास शिजतो आणि मुरतो, हे तुझे शब्द मी सुनेला सांगितले तर ती म्हणाली, आई, हे तर मोबाइलवर पण असंच सांगतात. बघ, तू किती पुढची होतीस.

तू ताकाची आंबट निवळी वापरायचीस. मी दुकानातला पांढरा सिरका आणला, त्यात निम्मं पाणी घातलं आणि आधी गालिच्याच्या कोपऱ्याला लावून बघितलं, लाल रंग उतरत तर नाही. नाही उतरला. मग डागावर शिंपडायचं, मुरू द्यायचं, टिपायचं, पुन्हा शिंपडायचं. सिरक्याचा वास वाऱ्याला लागला की उडून जातो आणि जाताना दुसऱ्याला घेऊन जातो. ते सुकलं की तू चाळलेली पांढरी माती पसरायचीस, मी खायचा सोडा पसरला. एक रात्र तसाच ठेवायचा आणि सकाळी कुंच्यानं झाडून घ्यायचा. सोफ्याचं तर काय सांगू. वरचं कापड धुऊन काय होणार, सगळं आतल्या फोममध्ये उतरलेलं. खोळी काढल्या, एक एक गादी गच्चीवर नेली, उन्हात उभी केली. दिवाणाच्या लाकडी पायात मुरलं होतं, तो सुताराच्या पॉलिश पेपरनं घासून पांढरा केला आणि वर तेल लावलं. आणि गालिचा उचलून खालची फरशीसुद्धा धुतली, सांधीसांधीतून जुन्या दात घासायच्या ब्रशनं. सगळ्यांत जास्त तिथंच होतं. वरून कितीही करा, खाली फरशीत बसलेलं असलं की दमट दिवस आला रे आला, पुन्हा वर येतं.

आणि हे सगळं पाण्याच्या हिशोबानं. नळाला पाणी येतं त्याची वाट बघत बसायचं, आलं की पिंप भरायची, आणि मग मोजून मापून. तुझ्या वेळी ओढा तरी होता. मी भांडी धुतलेलं पाणी सुद्धा फेकलं नाही, त्यानं गच्चीची जागा आधी धुऊन घेतली. गुडघे सुजले. रात्री सून मलम चोळायची आणि म्हणायची, आई, राहू द्या ना आता, बाहेरची माणसं बोलावू. मी म्हणायची, बाहेरच्याला काय ठावं कुठं मुरलंय ते. ती गप्प व्हायची. तिच्या त्या गप्प होण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

वास गेला, माय. तू सांगायचीस तसं, आपल्याला आला नाही म्हणजे गेला असं नाही, जनावरच सांगतं गेला का ते. म्हातारबा त्या जागांवर जायचा थांबला. मी त्याला दर थोड्या वेळानं उठवून बाल्कनीतल्या वाळूच्या पाटीत न्यायला लागले, तो शिकला. या वयात शिकला. मला एवढा आनंद झाला की मी पोरासाठी पुरणाची पोळी केली, सण नसताना. त्यानं दोन खाल्ल्या. भिंतीकडं, सोफ्याकडं बघितलं, खोल श्वास घेतला आणि म्हणाला, आई, कमाल केलीस.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती आणि मी तिच्याकडं काणाडोळा केला. म्हातारबा हॉलच्या मधोमध उभा राहायला लागला होता. नुसता उभा. मान इकडून तिकडं करायचा, नाक वर करायचा, दोन पावलं टाकायचा आणि थांबायचा. दिवाणाला धडकला. एकदा स्वयंपाकघर समजून संडासाच्या दारापाशी जाऊन बसला. मला वाटलं म्हातारपण. मग त्याचं पोतं हातात घेतलं आणि कळलं. तेसुद्धा मी धुतलं होतं, दोनदा. त्याच्या सगळ्या वाटा मीच पुसून टाकल्या होत्या. तरी मी मनाला समजावलं की राहू दे, नव्या वाटा लागतील, घरात राहिला म्हणजे झालं.

मग एका रविवारी पोरगा म्हणाला, ऑफिसातल्या ओळखीचे एक जण बायकोला घेऊन चहाला येणार आहेत. त्यांना कुत्र्याची भीती वाटते, म्हणून म्हातारबाला तासभर गच्चीच्या जिन्यात बांधतो, सावली आहे तिथं. त्यानंच नेलं, पाण्याची वाटी पण ठेवली. मी शिरा केला, वेलदोडा घालून. पाहुणे आले. ती बाई बसलीच नाही. हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. खिडकीत उभं राहून विचारलं, दुपारचं ऊन किती वेळ येतं? मग विचारलं, पाणी कितव्या दिवशी येतं? चहाला आलेला माणूस हे विचारत नाही, माय. तिनं स्वयंपाकघराचे कप्पे उघडून बघितले आणि परत हॉलमध्ये येऊन नाकानं दोन-तीनदा श्वास ओढला. मी ज्या ज्या जागी गुडघे टेकले होते तिथं तिथं उभी राहून तिनं श्वास ओढला.

"कुत्रंबित्रं नव्हतं ना पाळलेलं? मागं एक फ्लॅट बघितला, अहो, आत पाय ठेववत नव्हता."

माझा पोरगा हसला. ते हसणं मी त्याच्या तोंडावर आधी कधी बघितलं नव्हतं. "नाही हो," म्हणाला. "आमच्या आईला आवडतच नाही."

ती माझ्याकडं वळून म्हणाली, मावशी, किती स्वच्छ ठेवलंय हो घर, अगदी नव्यासारखं. मी म्हणाले, शिरा घ्या. वरच्या जिन्यात म्हातारबा एकदा भुंकला, लांबून ऐकू आल्यासारखा, आणि माझ्या पोरानं टीव्हीचा आवाज वाढवला.

ते गेल्यावर मी जिन्यात गेले. तो पाण्याच्या वाटीत पाय घालून उभा होता. त्याला घेऊन खाली आले तर पोरगा सोफ्यावर बसलेला, सून स्वयंपाकघराच्या दारात तीच एक बशी पुसत. मी काही विचारायच्या आधी तोच सांगायला लागला. पुण्याला बदली झालीय, पगार चांगला आहे, हा फ्लॅट विकून तिकडं घ्यायचा, तिकडच्या सोसायटीत कुत्री चालत नाहीत. म्हातारबाची सोय त्यानं केलीय, चितेगावला ओळखीच्या माणसाचं गोदाम आहे, तिथला वॉचमन ठेवून घेईल. मोकळी जागा आहे, झाडं आहेत. इथं तीन मजले चढून उतरून त्याचे हाल होतात, तिथं मजेत राहील. सगळं एका दमात. पाठ केल्यासारखं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

खोटं बोलायची ताकद संपली असावी. "आधी सांगितलं असतं तर तू वास काढला असतास का, आई?"

सून दारातून हळूच म्हणाली, "आई, मी म्हणत होते सांगा म्हणून." पोरानं तिच्याकडं बघितलं, ती आत गेली. म्हणजे तिला ठाऊक होतं. माझ्या गुडघ्यांना मलम चोळताना ठाऊक होतं.

मी त्याला म्हणाले, तू मला शब्द दिला होतास. त्यावर तो जे बोलला त्यासाठी मी हे सगळं लिहितेय. तो चिडून बोलला नाही, माय. समजावून बोलला, लहान पोराशी बोलावं तसं. "आई, तूच तर गोष्ट सांगायचीस ना. आजीनं कोकरू तुझ्याकडून धुऊन घेतलं आणि मेंढीला दिलं. तुला सांगितलं नाही, पण कोकराचं भलंच झालं ना? मी पण त्याच्या भल्याचंच बघतोय."

आता तुला ते कोकरू आठवलं असेल. वेरूळच्या वाटेला डोंगराच्या अंगाशी आपली मेंढरं बसवलेली होती. मी असेन दहा-अकरा वर्षांची. एक मेंढी वितानाच गेली आणि तिचं काळंभोर कोकरू मी उचललं. शेळीच्या दुधात चिंधी भिजवून त्याला चोखायला द्यायची. माझ्या घोंगडीत झोपायचं आणि घोंगडीतच मुतायचं. बा ओरडायचा, माणसाच्या अंथरुणात जनावर घेती म्हणून. तेव्हा तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "वास काढ. घोंगडीचा बी काढ आन् त्याच्या अंगाचा बी काढ. वास गेला तर राहील तुझ्यापाशी."

तेच शब्द, माय. पोरगा जेवताना बोलला तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

तू मला ओढ्यावर नेलंस आणि सगळं शिकवलंस, रिठा कसा फेसायचा, निवळी कधी घालायची, दाबायचं कसं. माझ्या बालपणीचं सगळ्यांत गोड ऊन कुठलं म्हणशील तर ते. तू एरवी कामात असायचीस, त्या दिवशी माझ्याजवळ बसलीस. घोंगडी दगडावर पसरली, मग कोकराला धुतलं. कानामागं, खुरांच्या फटीत. तू म्हणालीस, तोंड लई चांगलं धू, तुझ्या हाताचा वास तिथंच ऱ्हातो. मी हसत धूत होते. माझ्याच हातानं माझा वास काढत होते आणि हसत होते. मागं मेंढरांत एक मेंढी सकाळपासून ओरडत होती, तिचं कोकरू मेलं होतं. ते मला ऐकू येत होतं. पण त्याचा आणि आपल्या धुण्याचा काही संबंध असेल असं दहा वर्षांच्या पोरीला कसं कळणार.

परत आलो तर बानं मेलेल्या कोकराचं कातडं सोलून ठेवलं होतं. तू माझ्या हातातून माझं कोकरू घेतलंस, ते ओलं कातडं अंगरख्यासारखं त्याच्या अंगावर चढवलंस, पोटाखाली सुतळी बांधलीस आणि मेंढीपुढं सोडलंस. मेंढीनं शेपटीपाशी हुंगलं. पुन्हा हुंगलं. ओरडायची थांबली. मग तिनं पाय फाकवले आणि ते खाली घुसून प्यायला लागलं. बा म्हणाला, "धरलं गं तिनं." तू हसलीस. मी पुढं गेले तर तू माझा दंड धरलास, म्हणालीस, आता जवळ जायचं नाय, तुझा हात लागला की ती त्याला लाथ मारून टाकंल.

पुढं ते कातडं काढलं तेव्हा मी त्याला हाक मारली. आपण मारायचो तशीच, ओठ आवळून. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं, मेंढरू कुठल्याही माणसाकडं बघतं तसं, आणि आईच्या पोटाखाली शिरलं. मी घोंगडीत जाऊन नाक खुपसलं. रिठ्याचा वास होता आणि उन्हाचा. मी एवढी चांगली धुतली होती की त्याचं काहीच राहिलं नव्हतं. तू मला त्या दिवशी जास्तीचं दूध दिलंस. काही बोलली नाहीस. पुढंही कधी बोलली नाहीस, मरेपर्यंत नाही.

ही गोष्ट मी माझ्या पोराला किती वेळा सांगितली असेल. तो झोपत नसला की सांगायची. पण "धरलं गं तिनं" इथंच संपवायची. आजी किती हुशार, कोकराला आई मिळाली, झोप आता. घोंगडीचं मी कधी सांगितलं नाही. तुझी लेक म्हणून तुझं चांगलंच त्याच्या कानावर जावं, असं वाटायचं. त्यानं गोष्ट ऐकली तशी धरली, त्यात त्याचं तरी काय चुकलं, असं मी आठ-दहा दिवस स्वतःला समजावतेय आणि माझी समजूत पटत नाहीये. कारण तो लहान नाही. आणि त्यानं पाहुण्यांसमोर माझ्याच तोंडावर मला कुत्री आवडत नाहीत असं सांगितलं. ज्यानं ते पिल्लू माझ्या पदरात सोडलं, त्यानं.

तुला विचारायचं होतं ते हे. तू मला विचारलं असतंस, "दे गं, त्याला आई मिळती," असं म्हणाली असतीस, तर मी दिलं असतं का? खरं सांगते, बहुतेक नसतं दिलं. दोन दिवस रडले असते, अडून बसले असते. तुला वेळ नव्हता, मेंढीचं दूध आटलं असतं. हे सगळं मला आता कळतं. तरीही विचारायचं होतंस. मला हरू द्यायचं होतंस, फसवायला नको होतं. हरलेलं माणूस भांडून मोकळं होतं. फसलेलं माणूस आयुष्यभर स्वतःचेच हात बघत बसतं. कारण सगळं केलेलं त्याच्याच हातानं असतं ना.

आणि आणखी एक. कोकरासाठी तिकडं मेंढी होती, माय. सकाळपासून ओरडणारी, पान्हा दाटलेली. तू खोटं बोललीस, पण त्या खोट्याच्या पलीकडं त्याच्यासाठी कुणीतरी उभं होतं. चितेगावला म्हातारबासाठी कोण उभं आहे? हे मी पोराला विचारलं. तो म्हणाला, आई, कुत्रा आहे तो. मग मोबाइलमध्ये बघत बसला.

चार-पाच दिवसांपूर्वी तो वॉचमन बघायला आला. बरा माणूस वाटला, वयस्कर, पायात टायरच्या चपला. त्यानं हात पुढं केला, म्हातारबानं हुंगला आणि तोंड फिरवलं. मग त्यानं डोळ्यांपुढं बोटं हलवून बघितली आणि मला विचारलं, मावशी, आंधळं हाय का हे? मला तर राखणीला पायजे म्हणले व्हते. पोरगा खाली फोनवर होता. म्हणजे त्यालाही खरं सांगितलेलं नव्हतं. मी म्हणाले, दिसत नाही त्याला, नाकानं बघतो. त्यानं जरा विचार केला, आता नको म्हणतो की काय असं मला वाटलं, आणि नको म्हणावं असंही वाटलं. तो म्हणाला, असू द्या, दोन भाकरीला काय भारी हाय. माझी म्हातारी बी आता तशीच हाय, तिलाबी दिसत नाय. येत्या रविवारी तो न्यायला येणार आहे. मी त्याला विचारलं, त्याच्यासोबत एखादं अंथरूण दिलं तर चालेल का. तो म्हणाला, द्या की, मावशी.

पोराशी मी बोलते. चहा देते, डबा भरते, किती वाजता येशील विचारते. तो समजतो की झालं, आईचा राग गेला. त्याला पुण्याला नव्या घरात माझ्यासाठी वेगळी खोली ठेवायचीय, तिथं बाग आहे म्हणतो. मी बरं म्हणते. या वयात मी दुसरीकडं कुठं जाणार? पण त्यानं आता काहीही सांगितलं, पाऊस येतोय असं सांगितलं, तरी मी आधी खिडकीशी जाऊन बघते. एवढंच बदललंय, आणि एवढंच त्याच्या लक्षात आलेलं नाही.

हा कागद तू असतीस तरी तुला देऊन उपयोग नव्हता. तुला वाचता येत नव्हतं, मलाच वाचून दाखवावा लागला असता, आणि तोंडानं यातलं एक वाक्य माझ्याच्यानं निघालं नसतं. म्हणून हा असाच राहू दे. एकच सांगायचं राहिलंय, ते कुणालाच सांगितलेलं नाही.

काल संध्याकाळी सून कामावरून आली, दारातच थबकली, नाक वर केलं. म्हणाली, आई, परत वास येतोय का हो? कुठं सोडा टाकायचा राहिला का? शनिवारी ते लोक परत येणार आहेत. मी म्हणाले, बघते. गुडघ्यांवर बसले आणि गालिच्यावरून नाक फिरवल्याचं नाटक केलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आज दुपारी तो गालिचा गुंडाळून उभा केला तोही तिला दाखवायलाच. गालिच्याला कसलाच वास नव्हता. वास माझा होता. वॉचमन येऊन गेला त्या दिवसापासून मी अंगावरचं हे सुती पातळ बदललेलं नाही, अंघोळ करून तेच नेसते, त्यातच स्वयंपाक करते, त्यातच झोपते, डोक्याचं तेल पुसते, दुपारी म्हातारबाला त्याच्यावर घेऊन बसते. रविवारी हेच त्याच्यासोबत द्यायचंय, तोवर धुणार नाही.